अंगकोर मला पाठ आहे

४ जानेवारी

ठरलं. उद्या सकाळच्या बसने सियेम रीप. एकटा. पर्यटक म्हणून.

जन्मभर कांपोंग चामच्या शाळेत पोरांना अंगकोर शिकवलं. कुठलं देऊळ कुठल्या राजाचं, कुठल्या भिंतीवर काय कोरलंय, झोपेतून उठवून विचारा. प्रत्यक्ष जायचं तेवढं राहिलं. कधी परीक्षा, कधी पेपर तपासणी, मग पाऊस, मग गर्दी. आता रिटायर झालो. आता नाही तर केव्हा?

याचा बायकोशी, थावीशी काहीएक संबंध नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. थावी पावसाळ्यात बहिणीकडे म्हणून गेली, ती अजून तिकडेच आहे. बहिणीची प्रियाह दाक गावात शेवयांची खानावळ आहे, देवळांच्या रस्त्यावरच. बहिणीला मदतीला माणूस नसेल. थावीचा स्वभाव भिडस्त. "आता निघते" म्हणायला जीभ रेटत नसेल. मी आयता समोर दिसलो की तिला निमित्त मिळेल.

संध्याकाळी कन्निकाचा नोमपेनहून फोन. मुलगी बँकेत आहे, तिला वाटतं सगळं जग बँकेसारखं चालतं. म्हणाली, बाबा, जाताय ते छान आहे, फक्त आईला काही समजावून सांगू नका. मी म्हटलं, मी कशाला समजावीन, समजावणं आणि माहिती देणं यात फरक आहे, आणि तो असा की... ती म्हणाली, बाबा, ठेवते.

५ जानेवारी, बसमध्ये

खिडकीची सीट. नवी टोपी, गळ्यात कॅमेरा, सँडलमध्ये पांढरे मोजे. परदेशी पाहुणे असेच फिरतात, त्यामागे काही विचार असणार.

स्कूनला बस थांबली. शेजारच्या बाईने तळलेले कोळी घेतले आणि मला एक दिला. कुरकुरीत होता. तिने विचारलं, बायको नाही आली का? मी म्हटलं, ती आधीच पुढे गेली आहे. खोटं नाही.

वेळ होता म्हणून विचार केला. थावी का गेली असावी? भांडण झालं नाही. मी रिटायर झाल्यावर उलट घराला शिस्त लावली. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या वर्णमालेच्या क्रमाने लावल्या, लेबलं चिकटवली. मासळीच्या चटणीची बरणी चुलीजवळून उचलून खिडकीकडे गेली, पण क्रम म्हणजे क्रम. थावी एक शब्द बोलली नाही. म्हणजे आवडलं असणार.

६ जानेवारी

पहाटे अंगकोर वाटचा सूर्योदय बघायचा प्लॅन होता. गजर लावला होता. गजर वाजला, हे मला गेस्ट हाऊसच्या बाईने नंतर सांगितलं. शेजारच्या खोल्यांतले चार लोक उठून सूर्योदय बघून आले. माझ्यामुळे त्यांना बघायला मिळाला, हेही कमी नाही.

टुकटुकवाला ठरवला. नाव वन्नाक. तोंडाचा पट्टा गियरशिवाय चालतो. त्याला सांगितलं, बान्तेय स्रेईला चल, लहान देवळापासून सुरुवात करणं शास्त्रशुद्ध. वाटेत प्रियाह दाक लागतं, तो निव्वळ भूगोल आहे.

गावातून जाताना गाडी हळू घे म्हटलं. मग वळव म्हटलं. मग परत वळव. वन्नाक म्हणाला, काका, देऊळ पुढे आहे, हलत नाही, पळत नाही, आपणच का इथे गिरक्या घेतोय? काही पडलंय का तुमचं? मी म्हटलं, गावाची रचना बघतोय. तो म्हणाला, रचना म्हणजे एक रस्ता आणि दोन्हीकडे बायका शेवया विकतायत, बघून झाली की सांगा.

थावीच्या बहिणीच्या, म्हणजे उनच्या, खानावळीची हिरवी ताडपत्री लांबूनच ओळखली. आतून कोणी बाई खदाखदा हसत होती. थावी असं हसत नाही. थावी हसते ती तोंडावर हात धरून, आवाज न करता. तेव्हा ती आत नव्हती. उतरण्यात अर्थ नव्हता.

बान्तेय स्रेई राहिलं. ऊन फार झालं.

७ जानेवारी

आज सुट्टी. सगळा देश चटया आणि कोंबड्या भाजायच्या शेगड्या घेऊन देवळांकडे निघालेला. या गर्दीत अभ्यास होत नाही. म्हणून नाश्त्याला बाहेर पडलो. नाश्त्याला शेवया चांगल्या, हे डॉक्टरही सांगतात. शेवया प्रियाह दाकच्या चांगल्या, हे सगळेच सांगतात. यात माझा काय दोष?

उन दारातच बसली होती, केळफूल चिरत. माझी ही मोठी मेव्हणी लग्नापासूनच माझ्याशी तिखट बोलते. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मोज्यांशी थांबली. म्हणाली, या भावजी, जपानहून कधी आलात? मग आत तोंड करून ओरडली, थावी, तुझा इतिहास आलाय गं! गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. विनोद समजणाऱ्याने हसावं.

थावी बाहेर आली. केस कापले आहेत. मानेपर्यंत. चेहरा उन्हाने काळवंडलाय पण भरला आहे. पाण्याचा ग्लास ठेवला, म्हणाली, बसा गुरुजी.

लग्नापासून ती मला "बाँग" म्हणते. इकडे सगळ्याच बायका नवऱ्याला म्हणतात. गुरुजी आज पहिल्यांदा म्हणाली. इतके महिने लांब राहिल्यावर माणसाबद्दलचा आदर वाढतो, तो असा.

हिरव्या रश्शाच्या शेवया दिल्या. मी म्हटलं, मी अंगकोर बघायला आलोय. ती म्हणाली, बरं केलंत. मी म्हटलं, तुला काही निरोप, सामान वगैरे घरी न्यायचं असेल तर... ती म्हणाली, नाही, काही नाही. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा म्हातारा काहीतरी बोलला आणि ती हसली. मोठ्याने. तोंडावर हात न धरता.

कालची बाई तीच होती.

बहिणीच्या संगतीचा परिणाम. घरी गेल्यावर जाईल.

८ जानेवारी

आज प्रत्यक्ष अंगकोर वाट. कोणाचीही वाट बघायची नाही, अभ्यासकाला सोबत लागत नाही.

तपासणीच्या जागी एका पोरीने मला इंग्रजीत तिकीट मागितलं. आम्हाला तिकीट लागत नाही, देवळं आपलीच आहेत. मी तिला शुद्ध ख्मेर भाषेत, जोडाक्षरं स्वच्छ उच्चारत सांगितलं की भगिनी, मी याच भूमीचा पुत्र आहे. ती थक्क झाली. म्हणाली, किती छान बोलता तुम्ही आमची भाषा! कुठे शिकलात? ओळखपत्र गेस्ट हाऊसवर राहिलं होतं. वन्नाक येऊन जामीन राहिला, म्हणाला, अगं आपलाच आहे गं हा, बायको रुसलीय म्हणून असा दिसतो.

त्याला हे कोणी सांगितलं? मी विचारलं. तो म्हणाला, काका, प्रियाह दाकच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. आणि ती रुसलेली नाही हेही माहीत आहे, पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

ड्रायव्हर बदलायला हवा.

खंदकापर्यंत गेलो. पलीकडे ते होतं. पुस्तकात ते डाव्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात मावतं. इथे मान इकडून तिकडे फिरवावी लागली. लोक आत चालले होते. पोरंबाळं, म्हाताऱ्या, हातात उदबत्त्या. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो. बराच वेळ. पाय पुढे घ्यावासा वाटेना. गुडघा असणार.

मग लक्षात आलं की हे दोघांनी मिळूनच पाहायला हवं. थावी दर नव्या वर्षाला म्हणायची, एकदा अंगकोरला जाऊ या ना, बाँग. मी म्हणायचो, तुला काय बघायचंय ते मला विचार, मला पाठ आहे. आता तिला घेऊनच आत जाणार. निर्णय घेतल्यावर हलकं वाटलं. पाणी पिऊन परत.

९ जानेवारी

खानावळीत मदतीला गेलो. माणसाने मोठेपणा बाजूला ठेवायला शिकलं पाहिजे. आधी बोर्डावर शुद्धलेखनाची चूक होती ती खडूने दुरुस्त केली. मग उनला सांगितलं, रस्सा ढवळताना पळी डावीकडून उजवीकडे फिरवली तर श्रम कमी होतात. उनने पळी माझ्या हातात दिली. म्हणाली, घ्या, आणि डावीकडून उजवीकडे घरी जा.

थावी भांडी घासत होती. तिच्याजवळ बसलो. काही समजावलं नाही. फक्त विचारलं, माझ्याबरोबर अंगकोर बघायला येशील का? एकदाच.

ती हातातलं भांडं पुसत राहिली. मग म्हणाली, परवा शीलाचा दिवस आहे, सगळे विहारात जातात, ताई दुकान बंद ठेवते. परवा जाऊ.

हो म्हणाली! लगेच! भांडं पुसून झाल्यावर, पण लगेच!

१० जानेवारी

तयारीचा दिवस. परतीच्या बसच्या दोन सीट घेतल्या, १३ तारखेच्या. शेजारी-शेजारी. तिला खिडकी.

परवाची, म्हणजे उद्याची, रूपरेषा तयार. आधी समुद्रमंथनाची भिंत. तिथे तिला दाखवायचं की देव आणि असुर एकमेकांविरुद्ध ओढतात, पण त्या ओढण्यातूनच अमृत येतं. संसाराचंही तसंच. हे तिला आपोआप उमजेल. न उमजल्यास सांगायचं. मग बाकान, म्हणजे सगळ्यात वरचा गाभारा. जिना जवळजवळ उभा आहे, ती माझा हात धरेल. वर वारा. सगळं अंगकोर पायाखाली. तिथे म्हणायचं, चल घरी.

आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा वर्गात बोलल्यासारखं झालं. दुसऱ्यांदाही. खोली झाडणाऱ्या बाईने दार ढकललं, म्हणाली, जाते हो, तुम्ही म्हणाल तर जाते.

११ जानेवारी

व्यवस्थित, क्रमाने लिहितो.

थावी बहिणीच्या स्कूटरवरून एकटी आली. स्वतः चालवत. पांढरा ब्लाऊज, हातात कमळाच्या कळ्या. तिला स्कूटर येते हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाली, इथे शिकले. एकदा पडलेसुद्धा. आणि हसली.

पूल ओलांडला. आज गुडघ्याने त्रास दिला नाही. पश्चिमेच्या दरवाजात आठ हातांची मोठी मूर्ती आहे. लोक तिला ता रीच म्हणतात, नवस बोलतात. थावी उदबत्ती लावून बसली. मी हळूच सांगितलं की हा मुळात विष्णू आहे, ता रीच वगैरे नंतरची लोकांची समजूत. तिने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, तुम्ही त्याचं नाव ठरवा तोवर, माझं सांगून होतं. काय मागितलंस विचारलं तर म्हणाली, मागितलं नाही. मिळालं म्हणून सांगायला आले होते.

मग मंथनाची भिंत. मी सुरुवात केली. असुर इकडे, देव तिकडे, मध्ये वासुकी, वर अप्सरा. मुकुटांवरून देव कसे ओळखायचे तेही सांगितलं. आवाज छान लागला होता, गॅलरीत घुमतोही चांगला. ओढाताणीतून अमृत या मुद्द्यावर आलो आणि वळून पाहिलं, तर मागे वीसेक कोरियन पाहुणे कान देऊन उभे. थावी त्यांच्याही मागे. त्यांच्यातल्या एका बाईने टाळ्या वाजवल्या. एवढ्यात त्यांचा खरा गाइड आला, पिवळा शर्ट, गळ्यात कार्ड, आणि म्हणाला, ओ काका, लायसन्स कुठाय? मी म्हटलं, मी शिक्षक. तो म्हणाला, मग शाळेत शिकवा ना, इथे आमच्या पोटावर का? रखवालदाराने मला कोपराला धरून पुढच्या वळणापर्यंत सोडलं. सन्मानाने.

थावीला विचारलं, ऐकलंस ना, मुद्दा लक्षात आला? ती म्हणाली, मी कासवाकडे बघत होते. एवढा मोठा डोंगर त्याच्या पाठीवर, आणि सगळे रस्सीखेच खेळतायत. मी म्हटलं, अगं, ते कासव म्हणजे विष्णूचाच अवतार. ती म्हणाली, असेल. पण मधेच थोडा वेळ खाली ठेवू का, असं त्याला कुणी विचारलं होतं का?

हे पाठ्यपुस्तकात नाही.

म्हटलं, वर चल. बाकानला. जिन्याशी साखळी. शीलाच्या दिवशी वरचा गाभारा बंद असतो, पहारेकरी म्हणाला, कायम. मी म्हटलं, मी इतकी वर्षं अंगकोर शिकवतोय, असं कुठेही छापलेलं नाही. तो म्हणाला, इथे छापलंय, आणि पाटी दाखवली. मी थावीकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं. म्हणाली, तुम्ही सांगत होता, मधे कसं बोलणार.

अंगणातल्या एका दगडी पायरीवर सावली होती, तिथे बसलो. वारा नव्हता. अंगकोर पायाखाली नव्हतं, आम्हीच त्याच्या पायाशी होतो. तरी म्हणालो. चल घरी.

आरशासमोर आलं त्यापेक्षा बरं आलं.

कमळाची एक पाकळी दुमडत ती म्हणाली, पहिल्यांदा ताईबरोबर इथे आले ना, तेव्हा दारातून आत आले आणि नुसती उभी राहिले. कुणी काही सांगितलं नाही. हे काय, ते कधीचं, कुण्णी काही नाही. मी नुसतं बघितलं. इतकं बरं वाटलं की रडायला आलं. ताईला वाटलं पाय मुरगळला.

मी म्हटलं, तू माझ्यावर रागावली आहेस. ती म्हणाली, नाही हो. रागावले असते तर कधीच परत आले असते. राग उतरतो.

मी विचारलं, मी काय बदलू? सांग. बरण्या? बरण्या परत लावतो. तिने खरंच विचार केला. तिचा विचार करतानाचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता, किंवा पाहिला असेल तर तेव्हा मी बोलत असणार. म्हणाली, काही नको बदलू... नका बदलू. तुम्ही चांगले आहात. वाईट असता तर लोकांना सांगायला सोपं गेलं असतं.

चांगले आहात, म्हणाली. नोंद केली.

मग तिने विचारलं, भूक लागली का? भाजलेली केळी घेतली. खाताना ती काही बोलली नाही आणि मीही बोललो नाही. मनोऱ्यावर ऊन सरकत होतं. माझ्या मनात त्याची उंची आली, पण मी सांगितली नाही. तिला ते कळलं असावं, कारण तिने एक केळं जास्त माझ्याकडे सरकवलं.

स्कूटरवर बसताना म्हणाली, जपून जा गुरुजी.

१२ जानेवारी

दिवसभर खोलीत. पोट ठीक नाही. केळी.

कालच्या बोलण्याचा नीट अभ्यास केला. "परत येणार नाही" असं वाक्य तिने कुठेही उच्चारलेलं नाही. "नको बदलू" हे तर चक्क जुन्या सलगीने निघून गेलं, मग सुधारलं. सुधारलं नसतं तर जास्त बरं झालं असतं. पण निघालं.

कन्निकाचा फोन. विचारलं, काय झालं? मी म्हटलं, चर्चा सकारात्मक. ती म्हणाली, बाबा, जेवलात का? तिच्या आवाजावरून वाटलं, तिला पावसाळ्यापासूनच सगळं माहीत होतं.

वन्नाक बेयॉनचे दगडी चेहरे बघायला येता का विचारायला आला. नको म्हटलं. सगळीकडून हसून बघतात म्हणे.

१३ जानेवारी, बसमध्ये

बस सुटायच्या आधी थावी स्टँडवर आली! स्कूटरवरून, भर गर्दीतून, हॉर्न वाजवत. हातात पिशवी. मी कंडक्टरला ओरडून सांगितलं, थांबा, दुसऱ्या सीटचं माणूस आलं. खिडकीची सीट रिकामी करून मी आतल्या बाजूला सरकलोसुद्धा.

तिने पिशवी खिडकीतून आत दिली. भात, भाजलेला मासा, आंबट आंब्याच्या फोडी. म्हणाली, वाटेतलं काहीबाही खाऊ नका, तुमचं पोट बिघडतं. मी म्हटलं, सामान कुठाय तुझं? ती म्हणाली, कसलं सामान? मग तिला रिकामी सीट दिसली. तिचा चेहरा असा झाला की मीच घाईने म्हटलं, पाय पसरायला घेतलीय. गुडघा.

ती म्हणाली, बरं केलंत.

बस निघाली. ती हात हलवत नव्हती, फक्त उभी होती. मग मागच्या गाडीने हॉर्न दिला म्हणून बाजूला झाली.

पुढच्या थांब्यावर एका माणसाने विचारलं, ही सीट कुणाची? मी म्हटलं, बसा. तो बदकांची टोपली घेऊन बसला. खिडकीशी.

१४ जानेवारी, घरी

शेजारच्यांनी विचारलं, कसं होतं अंगकोर? मी म्हटलं, मोठं आहे. ते पुढचं ऐकायला थांबले. मग गेले.

मासा रात्री नाही खाल्ला, आज दुपारी खाल्ला. अजून चांगला होता. त्यात तिने ते लिंबाचं पान घातलं होतं.

एक गोष्ट लक्षात आली. थावी कुणाला काहीही द्यायचं झालं तर स्टीलच्या डब्यात देते. भिक्खूंना, शेजाऱ्यांना, बाळंतिणीला, सगळ्यांना. डबा परत येतो, येताना त्यात काहीतरी येतं, चार गोष्टी बोलणं होतं, असं तिचं आहे. मला प्लास्टिकच्या पिशवीत दिलं. घाईत असेल. खानावळीतले डबे बाहेर गेले असतील. उनने दिला नसेल.

पिशवी चांगली जाड आहे. साबणाने धुतली, उलटी करून दोरीवर वाळत घातली आहे. वाळली की घडी घालून ठेवायची. लोकांच्या वस्तू लोकांना परत केल्या पाहिजेत.